विकिडेटा: रकाने भरायला की भगदाडं शोधायला?

तळटीप:

एव्हरेस्टची उंची विचारली तर ८८४८ मीटर हे उत्तर आपल्यातले बहुतेक जण झोपेतून उठवलं तरी देतील. हा आकडा १९५५च्या भारतीय सर्वेक्षणाचा. १९९९मध्ये एका अमेरिकी मोहिमेनं जीपीएस लावून ८८५० काढला. २००५मध्ये चीननं वरचा बर्फ वगळून नुसत्या खडकाची उंची मोजली, ती भरली ८८४४.४३. मग डिसेंबर २०२०मध्ये नेपाळ आणि चीननं मिळून ८८४८.८६ जाहीर केली.

विकिपीडिया तीनशेहून जास्त भाषांत आहे. पानाच्या कडेला जी माहितीचौकट असते, तिच्यातला आकडा जुना झाला की प्रत्येक भाषेत कुणीतरी जाऊन तो हातानं बदलायचा, ही मूळची रीत. एव्हरेस्टचं निभावून जातं, बघणारे खूप असतात. पण एखादं आडबाजूचं शिखर, एखादं धरण, एखादी वेधशाळा? तिथला जुना आकडा वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो आणि तिथून उचलून पुढे चार ठिकाणी चिकटवला जातो.

आकडे, तारखा, नावं, ठिकाणं अशी सुटी माहिती परिच्छेदात न कोंबता यंत्राला वाचता येईल अशा तुकड्यांत एका जागी ठेवायची आणि सगळ्या भाषांनी तिथून उचलायची, हा विकिडेटाचा मूळ विचार. २९ ऑक्टोबर २०१२ला तो सुरू झाला. बांधणीचं काम विकिमीडियाच्या (विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेच्या) जर्मन शाखेकडे होतं. पहिलं काम मात्र आकड्यांचं नव्हतंच, भाषादुव्यांचं होतं. त्याआधी प्रत्येक लेखाच्या तळाशी बाकी सगळ्या भाषांतल्या त्याच लेखाच्या दुव्यांची यादी लिहिलेली असायची. नव्या भाषेत लेख झाला की सगळ्यांच्या याद्या बदलायच्या, आणि त्यासाठी सांगकामे, म्हणजे आपोआप बदल करणारे बॉट, रात्रंदिवस फिरत असायचे. १४ जानेवारी २०१३ला हंगेरियन विकिपीडियानं पहिल्यांदा ही यादी विकिडेटाकडे सोपवली. मार्चपर्यंत सगळ्या भाषा तिकडे गेल्या. आज कुणाला आठवतही नाही की हे कधी दुखणं होतं.

माझं म्हणणं पुढचं आहे. त्यानंतर आपण बहुतेक सगळी चर्चा 'चौकटी आपोआप कशा भरतील' याचीच करतो. मला वाटतं अशा तुकड्यांत मांडलेल्या, म्हणजे संरचित, माहितीचा खरा उपयोग तिथे नाही. कुठे काय नाही, कुठे दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत, कुठला आकडा कुणाच्या भरवशावर उभा आहे, हे शोधायला ती जितकी कामी येते तितकी रकाने भरायला येत नाही. परिच्छेदांच्या ढिगाला 'यात काय राहिलंय?' असं विचारता येत नाही, तक्त्याला विचारता येतं. बाकीच्यांचं काय मत? विरोधी मतं आधी यावीत.

गोगलगाय:

वाचतेय. पण माझ्यासारख्या नुसत्या वाचणारीसाठी जरा खाली उतरा. चार मोजमापं वेगवेगळी असतील तर 'एका जागी' नेमकी कुठली ठेवणार? एक ठेवली की बाकीच्यांवर अन्याय, चारही ठेवल्या की पुन्हा गोंधळ.

तळटीप:

नेमका प्रश्न. चारही ठेवायच्या.

विकिडेटावर प्रत्येक गोष्टीला एक क्यू-क्रमांक असतो. एव्हरेस्टचा क्यू५१३. त्या पानावर विधानं असतात: गुणधर्म आणि त्याची किंमत. 'समुद्रसपाटीपासून उंची' हा गुणधर्म, ८८४८.८६ मीटर ही किंमत. इथपर्यंत साधा तक्ता झाला. पण त्या विधानाला पुढे तीन गोष्टी लावता येतात. एक, कधी आणि कशी मोजली याची पुरवणी. दोन, संदर्भ: हे कुणी, कुठे म्हटलंय. तीन, दर्जा. दर्जे तीनच आहेत, पसंतीचा, साधा आणि बाद. नवी, दोन्ही देशांनी मान्य केलेली उंची पसंतीची ठेवली की चौकटीत आपोआप तीच दिसते. १९५५ची साधी म्हणून राहते, कारण ती त्या काळचं बरोबर मोजमाप आहे. खडकाची उंची पुरवणीसह राहते. 'बाद' हा दर्जा चुकीच्या गोष्टीसाठी, जुन्या गोष्टीसाठी नाही. हा फरक नवे लोक हमखास विसरतात आणि जुना महापौर 'बाद' करून टाकतात. अहो, तो महापौर होता ना? मग कार्यकाळ संपल्याची तारीख लावा आणि सोडा.

बाद केलेलं विधानही पुसत नाहीत. ठेवलं की पुढचा माणूस तीच चूक पुन्हा आणून टाकत नाही.

कोपरखळी:

म्हणजे भांडणाऱ्या चौघांनाही एकाच पानावर जागा आणि प्रत्येकाच्या नावापुढे पुरावा. हे आपल्या संस्थळावर आणलं तर निम्मे धागे ओस पडतील. विरोध.

रिकामटेकडा:

विरोधी मत मागितलंय म्हणून लिहितो. तळटीप यांचा धागा गोड आहे, पण डेटानं विकिपीडिया 'सुधारतो' म्हणणाऱ्यांनी सेबुआनो विकिपीडियाचं एक चक्कर मारून यावं. फिलिपिन्समधली भाषा. लेखसंख्येत इंग्रजीच्या खालोखाल, साठ लाखांच्या वर. यातले जवळजवळ सगळे लेख एका सांगकाम्यानं लिहिलेत. एलएसजेबॉट त्याचं नाव, स्वेर्कर योहान्सन हे त्याचे स्वीडिश कर्ते. जिओनेम्ससारखे ठिकाणांच्या नावांचे डेटाबेस घ्यायचे, वाक्यांचा साचा घ्यायचा, आणि दगडधोंडा, ओढा, टेकाड काही न सोडता प्रत्येकाचं पान.

जिओनेम्समध्ये एकच ओढा दोन स्पेलिंगांनी दोनदा असेल तर दोन पानं. अक्षांश-रेखांश गोल आकड्यात ठोकलेले असतील तर टेकडी समुद्रात. इथवरही ठीक म्हणू. पण ही पानं झाल्यावर विकिडेटावर त्यांचे क्यू-क्रमांक तयार झाले. म्हणजे डेटाबेसमधली चूक लेखात गेली, लेखातून परत डेटात आली, आणि आता ती 'विकिपीडियावरून आणलेली' म्हणून मिरवते. ती दुहेरी नोंद सोडवायला माणूस लागतो, आणि सेबुआनोत ओढ्यांचं राखण करणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीसुद्धा नसतात.

स्वीडिश विकिपीडियातही त्यानं अशीच पानं घातली होती. तिथल्या लोकांनी नंतर त्यातली लाखो काढून टाकली. त्यांना परवडलं, माणूसबळ होतं म्हणून.

उंबरठा:

रिकामटेकडा, तुम्ही सांगताय तो डेटातून लेख पाडण्याचा प्रकार. चौकट भरणं वेगळं. दोन्हीला एकाच फटक्यात झोडू नका.

कातालान आणि बास्क विकिपीडिया बघा. दोन्ही समुदाय लहान, पण चौकटी बऱ्याच अंशी विकिडेटावरून येतात. लेखात चौकटीचा साचा नुसता लावायचा, आत काही लिहायचं नाही. निवडणूक झाली, पदाधिकारी बदलला, कुणी वारलं, की कुठल्याही भाषेतला एक माणूस विकिडेटावर बदल करतो आणि कातालानमधलं पान ताजं होतं. त्यांचे संपादक मग परिच्छेद लिहायला मोकळे. लहान भाषेकडे वेळ कमी असतो. तो आकडे बदलण्यात घालवायचा की लिहिण्यात?

त्यामुळे मूळ लेखाशी माझा मतभेद आहे. रकाने भरणं हे दुय्यम काम आहे असं मोठ्या भाषेत बसून म्हणायला सोपं.

तळटीप:

उंबरठा, मुद्दा मान्य आहे, तेवढा वजनदार आहे. मी 'भरू नका' म्हणत नाही. भरण्याआधी त्या विधानाखाली संदर्भ आहे का ते साच्यालाच तपासायला लावा, एवढंच. साच्यात तशी अट घालता येते: संदर्भ असेल तरच दाखव, आणि 'विकिपीडियावरून आणलं' हा संदर्भ धरू नकोस.

अर्धविराम:

शेवटचं वाक्य ठळक करायला हवं. विकिडेटावर 'विकिमीडिया प्रकल्पातून आणलं' असा गुणधर्म आहे, त्याचा क्रमांक पी१४३. सुरुवातीच्या वर्षांत सांगकाम्यांनी सगळ्या भाषांच्या चौकटी खरवडून डेटा भरला, तेव्हा संदर्भाच्या जागी हेच लागलं. म्हणजे इटालियन विकिपीडिया म्हणतो म्हणून विकिडेटा म्हणतो, आणि विकिडेटा म्हणतो म्हणून दुसऱ्या भाषेतली चौकट म्हणते. वाचणाऱ्याला वाटतं तीन ठिकाणी तेच आहे, म्हणजे खरं असणार. मुळात तो एकाच माणसानं कधीतरी टाकलेला आकडा असतो.

इंग्रजी विकिपीडियाचा विकिडेटावर अविश्वास आहे तो नुसता गर्व नाही. मोबाइलवर लेखाच्या शीर्षकाखाली जे एका ओळीचं वर्णन दिसतं, ते आधी थेट विकिडेटावरून यायचं. तिथे कुणी एखाद्या जिवंत माणसाबद्दल वाह्यात काही लिहिलं की इंग्रजी लेखाखाली ते दिसायचं, आणि इंग्रजी लेखावर पहारा देणाऱ्याच्या निरीक्षणसूचीत (लक्ष ठेवलेल्या पानांवरच्या बदलांच्या यादीत) काही उमटायचं नाही, कारण बदल दुसऱ्या घरात झालेला. विकिडेटावरचे बदल आपल्या सूचीत दाखवण्याची सोय आहे, पण ती चालू केली की इतका केरकचरा येतो की लोक बंद करतात. शेवटी इंग्रजीवाल्यांनी आपली छोटी वर्णनं आपल्याच पानात लिहायची सोय करून घेतली आणि लाखो लेखांना ती लावली.

उत्पात कुठे होतो आणि तो कुणाला दिसतो, या दोन जागा वेगळ्या पडल्या की कितीही सुबक रचना असो, तिचा उपयोग नाही.

रिकामटेकडा:

+१. आयुष्यात पहिल्यांदा अर्धविराम यांच्याशी पूर्ण सहमत. स्क्रीनशॉट घेऊन ठेवलाय.

तळटीप:

आता भगदाडांकडे येतो, कारण त्याबद्दल अजून कुणीच बोललं नाही.

विकिडेटाची प्रश्नसेवा २०१५ पासून सगळ्यांना खुली आहे. स्पार्कल नावाच्या भाषेत प्रश्न लिहायचा. प्रसिद्ध उदाहरण म्हणजे 'जिथे महापौर बाई आहे अशी जगातली सगळ्यात मोठी शहरं कुठली?' हे कुठल्याच एका लेखात लिहिलेलं नसतं, पण शहर, लोकसंख्या, प्रमुख आणि प्रमुखाचं लिंग ही चार विधानं जोडली की यादी समोर येते. दाखवायला छान. मला मात्र उलटे प्रश्न आवडतात. ज्यांची मृत्यूची तारीख जन्माच्या आधीची आहे अशी माणसं द्या. ज्यांचा जन्म १८९० पूर्वीचा आणि मृत्यूची तारीखच नाही अशी द्या. ज्या पुलाचे अक्षांश-रेखांश त्याच्या देशाच्या हद्दीबाहेर पडतात तो द्या. उत्तरात जे येतं ते बहुतेक वेळा कुठल्या तरी लेखातल्या चुकीचं बोट धरून आलेलं असतं.

एक प्रकार जवळून दाखवतो. १ जानेवारीला जन्मलेल्यांची यादी काढा. ती फुगलेली दिसेल. इतकी माणसं खरंच १ जानेवारीला जन्मली का? काही जन्मली. बाकीच्यांचं फक्त जन्मवर्ष माहीत होतं. विकिडेटावर तारखेसोबत अचूकता नोंदवतात: ९ म्हणजे फक्त वर्ष, १० म्हणजे महिना, ११ म्हणजे दिवस. आत साठवताना नुसत्या वर्षाचीसुद्धा पूर्ण तारखेसारखी ओळ होते. कुठल्या तरी डेटाबेसमधून ठोक आयात करताना ९च्या जागी ११ पडला की '१९०४' या वर्षाचं '१ जानेवारी १९०४' होतं. पुढे ती तारीख चौकटीत जाते, तिथून दिनविशेषात जाते, आणि कुणीतरी त्या दिवशी जयंतीची पोस्ट टाकतो.

तारखांचंच दुसरं अंग म्हणजे पंचांग. न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२चा की ४ जानेवारी १६४३चा? दोन्ही बरोबर. इंग्लंडमध्ये तेव्हा ज्युलियन पंचांग चालू होतं, ग्रेगोरियन तिथे १७५२मध्ये आलं. विकिडेटावर तारखेला पंचांगही लावता येतं. ते न लावता आयात केली की दहा दिवसांची तफावत बसते आणि एका भाषेत नाताळ, दुसरीत नवं वर्ष. आता कुठल्या लेखांत असा घोळ असू शकतो, हे परिच्छेद वाचून शोधायला जन्म जाईल. प्रश्न विचारून यादी मिळते, पुढचं तपासणं माणसानं करायचं.

म्हणून मी म्हणतो, यंत्रानं यादी द्यावी, वाक्य माणसानं लिहावं.

गोगलगाय:

हे वाचून दिनविशेषांवरचा विश्वास उडाला.

एक शंका. प्रश्नाचं उत्तर आलं नाही तर 'नाही' असं धरायचं का? म्हणजे एखाद्या राणीच्या नावापुढे नवरा नसेल तर लग्न झालं नव्हतं की कुणी भरलं नाही?

अर्धविराम:

नोंद नाही याचा अर्थ 'नाही' असा कधीच धरायचा नाही. त्यासाठी वेगळी सोय आहे. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथच्या 'जोडीदार' या गुणधर्माला 'किंमत नाही' असं मुद्दाम नोंदवता येतं, म्हणजे तिनं लग्न केलं नाही हे आपल्याला ठाऊक आहे. आणि मरण पावल्याचं नक्की, पण कधी ते कुणालाच ठाऊक नाही, अशा माणसाच्या मृत्यूच्या तारखेत 'किंमत अज्ञात'. रिकामा रकाना हा तिसरा प्रकार, त्याचा अर्थ फक्त 'अजून कुणी आलं नाही'. या तिन्हींची सरमिसळ करून आकडेवारी काढणारे लेख दर महिन्याला कुठे तरी वाचायला मिळतात.

भगदाडांचं सर्वांत चांगलं उदाहरण तळटीप यांच्याकडून राहिलं. इंग्रजी विकिपीडियावर २०१४च्या सुमारास चरित्रलेखांपैकी साधारण १५ टक्के स्त्रियांचे होते. हा आकडा लेख वाचून काढलेला नाही, विकिडेटावर 'माणूस' आणि 'लिंग' ही विधानं होती म्हणून मोजता आला. २०१५मध्ये 'विमेन इन रेड' प्रकल्प सुरू झाला. विकिडेटावर नोंद आहे, इतर भाषेत लेख आहे, पण इंग्रजीत नाही अशा स्त्रियांच्या याद्या सांगकाम्याकडून रोज ताज्या करून घ्यायच्या आणि त्यातलं नाव उचलून माणसानं लेख लिहायचा. प्रमाण आता २० टक्क्यांच्या आसपास आहे. वेग मुंगीचा, पण मोजता आलं म्हणून रेटता आलं.

उंबरठा:

हे उदाहरण मला पटलं. इथे डेटानं एक ओळही लिहिली नाही.

नकाशेवाला:

उशिरा आलो. एका गोष्टीकडे सगळे दुर्लक्ष करताय: परवाना.

विकिडेटा सीसी-झिरो आहे. घ्या, वापरा, नाव घ्यायचीही सक्ती नाही. विकिपीडियाचा मजकूर नाव घ्या आणि त्याच अटींवर पुढे द्या या प्रकारचा. ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे आम्ही लोकांनी मिळून काढलेल्या खुल्या नकाशाचा, परवाना ओडीबीएल, त्यातही पुढे त्याच अटी. तेव्हा 'आमच्या नकाशात पूल अचूक आहे, विकिडेटावर नाही, चला कॉपी करू' असं करता येत नाही. तिन्ही खुले, तरी एकातला ढीग दुसऱ्यात ओतायचा नाही. उत्साही मंडळी आधी ओततात, मग महिनाभर साफसफाई चालते.

आम्ही करतो ते असं: नकाशावरच्या पुलाला 'विकिडेटा' नावाचा टॅग लावून त्यात क्यू-क्रमांक लिहितो. बस. भूमिती आमच्याकडे, बांधल्याचं वर्ष आणि स्थापत्यकार त्यांच्याकडे. क्रमांक जुळला की कुणालाही दोन्ही एकत्र वाचता येतं. मला तर वाटतं विकिडेटाचं खरं बळ या ओळखक्रमांकांत आहे. एकाच लेखकाचा ग्रंथालयांच्या सामाईक यादीतला क्रमांक, संशोधक म्हणून क्रमांक, संग्रहालयातला क्रमांक, सगळे एका क्यूखाली. माहिती जिथे आहे तिथेच राहू द्या, पत्ते मात्र एका जागी. साठवण्यापेक्षा हे काम टिकाऊ.

आणि फ्रीबेस विसरू नका. तोही खुला ज्ञानसाठा होता, डेटा मोकळा होता, लोकांनी फुकट मेहनत घेऊन भरला. २०१०मध्ये तो चालवणारी मेटावेब कंपनी गूगलनं घेतली. २०१५मध्ये लिहिणं बंद झालं, २०१६मध्ये पूर्ण बंद. डेटा विकिडेटाला द्यायची तयारी दाखवली, पण त्यातला मोठा हिस्सा तसाच आत घेता आला नाही, कारण बऱ्याच विधानांना संदर्भच नव्हता. एकेक विधान माणसानं तपासून हो-नाही म्हणायचं साधन केलं होतं. कोट्यवधी विधानं आणि तपासणारे मूठभर, काय होणार ते झालं.

कोपरखळी:

सगळं खरं, पण आता चॅटबॉटला विचारलं की तो सांगतो. हे क्यू आणि पी कुणासाठी करताय?

अर्धविराम:

चॅटबॉटसाठीसुद्धा. त्याला एव्हरेस्टची उंची विचारा, सांगेल. ती खडकाची की बर्फासकट, कुणी मोजलेली, कधीची, हे विचारलं की आत्मविश्वास तेवढाच राहतो आणि उत्तर डळमळतं. विधानागणिक संदर्भ असलेला साठा त्याच्या हाताशी असेल तर निदान पडताळता तरी येतं. जर्मन शाखेनं २०२५मध्ये विकिडेटा अशा प्रणालींना अर्थानुसार शोधता येईल अशा रूपात उपलब्ध करून दिलाय तो याचसाठी.

उंबरठा:

चित्रांचं कुणी बोलत नाही म्हणून थोडं. कॉमन्सवर, म्हणजे विकिमीडियाच्या चित्रसाठ्यावर, चित्रं वर्षानुवर्षं वर्गांत ठेवली जायची आणि वर्गांची नावं इंग्रजीत. २०१९पासून चित्राखाली कुठल्याही भाषेत मथळा देता येतो आणि 'चित्रात काय दिसतं' हे क्यू-क्रमांकानं लिहिता येतं. फुलपाखराच्या फोटोला त्या जातीचा क्रमांक लावला की ज्या भाषेत त्या जातीचं नाव विकिडेटावर आहे, त्या सगळ्या भाषांत तो फोटो सापडतो. मराठीत नाव नसेल तर मराठीत सापडत नाही. इतकं सरळ.

इथेही रिकामटेकडा यांचं भूत आहेच. यंत्रानं सुचवलेल्या खुणा माणसानं नुसत्या मान्य करायच्या असं एक साधन आणलं होतं. लोकांनी भराभर 'हो' दाबलं. प्रत्येक फोटोत आकाश, झाड, ढग. ते साधन शेवटी बंद केलं.

रिकामटेकडा:

भूत म्हटल्याबद्दल आभारी आहे. माझा मुद्दा थोडा पुढे नेतो. विकिडेटावर आज दहा कोटींच्या वर नोंदी आहेत. त्यातल्या एक तृतीयांशाहून जास्त नोंदी शास्त्रीय शोधनिबंधांच्या आहेत. हेतू उदात्त होता, संदर्भांचं जाळं विणायचं. पण बहुतेक निबंधांची नोंद म्हणजे शीर्षक, तारीख, लेखकांची नावं आणि पुढे कुणीही फिरकलेलं नाही. इकडे प्रश्नसेवा ज्या ब्लेझग्राफ नावाच्या डेटाबेस प्रणालीवर चालते त्याचा विकास कधीचाच थांबलाय. साठ सेकंदांत उत्तर निघालं नाही तर प्रश्न तोडला जातो. शेवटी २०२५मध्ये शोधनिबंध वेगळ्या साठ्यात काढावे लागले. आता निबंध आणि लेखक दोन्हींबद्दल एकत्र विचारायचं तर दोन साठे जोडून प्रश्न लिहावा लागतो.

तळटीप यांचा भगदाडं शोधणारा टॉर्च चालण्यासाठी खोलीत आधी थोडी मोकळी जागा लागते.

तळटीप:

याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. जे राखता येत नाही ते आयात करू नये असं मला वाटतं, पण 'राखता येणं' कसं मोजायचं यावर तिथेही वर्षानुवर्षं एकमत झालेलं नाही.

गोगलगाय:

मला आता हात घालावासा वाटतोय. कुठून सुरू करू? मोठी साधनं नकोत.

अर्धविराम:

ज्या विषयातलं तुम्हाला खरंच कळतं त्यातली एकच नोंद उघडा. पक्षी असोत, वाद्यं असोत. मराठी लेबल (नोंदीचं नाव) आणि एका ओळीचं वर्णन आहे का बघा. वर्णन म्हणजे व्याख्या नाही, सारख्या नावाच्या दोन गोष्टी वेगळ्या ओळखू याव्यात इतकंच. मग संदर्भ नसलेलं एक विधान निवडा आणि त्याला छापील किंवा अधिकृत संदर्भ लावा. विधानाशेजारी उद्गारचिन्ह दिसलं तर त्यावर टिचकी मारा, ते नियमभंगाची सूचना देतं: 'जन्मस्थळ' म्हणून माणूसच टाकलाय, वगैरे. सूचना म्हणजे हुकूम नव्हे, काही अपवाद खरे असतात. आणि क्विकस्टेटमेंट्स या ठोक बदलांच्या साधनानं एका दमात हजार बदल करायचा मोह काही महिने टाळा.

गोगलगाय:

लगेच अडकले. एका मराठी लेखाला इंग्रजी लेखाशी जोडायला गेले तर 'हा दुवा दुसऱ्या नोंदीत वापरलेला आहे' असं येतंय. म्हणजे एकाच गोष्टीच्या दोन नोंदी. एकत्र करून टाकू?

उंबरठा:

थांबा. आधी दोन्ही नोंदी शेजारी उघडून बघा, खरंच एकच गोष्ट आहे का. गाव आणि त्याच नावाचा तालुका, कादंबरी आणि तिच्यावरचा चित्रपट, आडनाव आणि घराणं, या जोड्या हमखास फसवतात. एकच असेल तर एकत्र करा. साधारणपणे लहान क्रमांकाची नोंद ठेवतात, मोठ्या क्रमांकाचं तिकडे पुनर्निर्देशन होतं. तो क्रमांक नष्ट होत नाही, त्यामुळे कुणी बाहेर वापरला असेल तर तुटत नाही.

दोन्ही नोंदींना त्याच भाषेतला वेगवेगळा लेख जोडलेला असेल तर मात्र एकत्र होणारच नाही. तेव्हा आधी त्या विकिपीडियावर जाऊन ते दोन लेख एक करायला हवेत, किंवा ते वेगळे का आहेत ते समजून घ्यायला हवं. याचा प्रसिद्ध नमुना म्हणजे बॉनी आणि क्लाइड. काही भाषांत त्या दरोडेखोर जोडीवर एकच लेख, काहींत दोघांचे दोन. तिथे नोंदी तीनच हव्यात: ती, तो आणि जोडी. जोडीच्या नोंदीत 'याचे भाग' म्हणून दोघांना लावायचं.

तुमचा लेख कुठला ते इथे लिहा, बघून सांगते.

गोगलगाय:

नदी आणि तिच्यावरचं धरण. दोघांचं नाव एकच. मराठी लेखात पहिला परिच्छेद नदीचा, बाकी सगळा धरणाचा.

उंबरठा:

मग एकत्र करू नका. लेखाचा बहुतांश भाग धरणाचा आहे, तेव्हा तो धरणाच्या नोंदीला जोडा. नदीच्या नोंदीला मराठी लेबल द्या, दुवा तूर्त मोकळा राहू द्या. आणि लेखाच्या चर्चापानावर एक ओळ टाका की नदीचा परिच्छेद वेगळा काढायला हवा.